बहिणाबाईंच्या संसारातली दोन दुखणी

श्रोतेहो, श्रद्धेने माणूस सावरतो असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचे काय होते, हा प्रश्न सहसा बाजूला राहतो. तो मला विचारावासा वाटतो, आणि त्यासाठी मी सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंकडे जाणार आहे. या शिऊरच्या बहिणाबाई. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी नव्हेत. १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावी त्यांचा जन्म झाला आणि बालवयातच गंगाधर पाठक या वयाने कितीतरी मोठ्या, बिजवर, वेदपाठी ब्राह्मणाशी त्यांचे लग्न लागले. पुढचे सारे त्यांनी स्वतःच आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगून ठेवले आहे.

हे कुटुंब कोल्हापुरी असताना बहिणाबाईंना एका वासराचा विलक्षण लळा लागला. ते वासरू मेले आणि लहानगी बहिणा बेशुद्ध पडली. त्याच अवस्थेत तिला तुकोबांचे दर्शन झाले, मंत्र मिळाला आणि ती उठली. तिच्यापुरते हे बरे होणेच होते. त्याआधी जयरामस्वामींच्या कीर्तनाच्या निमित्ताने नवऱ्याचा मार तिने खाल्लेलाच होता. आता लोक तिला पाहायला येऊ लागले, आणि ज्या कुणब्याला वेदाचा अधिकार नाही असे गंगाधरपंत मानत, तोच आपल्या बायकोचा गुरू झाला, हे त्यांना सोसवेना. लोक हिच्या पाया पडतील आणि आपल्याला गवताच्या काडीइतकीही किंमत देणार नाहीत, ही त्यांची भीती बहिणाबाईंनी लपवलेली नाही. ज्या माणसाने आपल्याला मारले, त्याची बाजू इतक्या स्वच्छपणे नोंदवणे मला फार मोठे वाटते. मात्र त्या माराचे समर्थन त्यातून कुणी काढू नये.

बायको गरोदर असताना तिला माहेरच्यांवर सोपवून तीर्थाटनाला निघून जायचे, असे गंगाधरपंतांनी ठरवले. तेव्हा बहिणाबाईंनी मनाशी केलेला विचार आजच्या वाचकाला खटकतो: विठ्ठल दगडाचा, तुकोबा स्वप्नातले, मग डोळ्यांसमोरचा नवरा का गमवावा? मला यात शरणागतीपेक्षा घालमेल अधिक दिसते. आतून मिळालेला आधार खरा आहे, हे कळूनही घर हातातून निसटताना त्या पाहत होत्या, आणि त्या काळी ब्राह्मण स्त्रीला घराबाहेर जागाच नव्हती.

मग दुसरे दुखणे आले. गंगाधरपंत तापाने अंथरुणाला खिळले आणि बहिणाबाईंनी त्यांची सेवा केली. तुकोबांची निंदा केल्याचे हे फळ आहे असे त्यांना वाटू लागले, पश्चात्ताप झाला आणि ते उठले. तापाचे कारण काय होते, यात मी शिरणार नाही. मला महत्त्वाचे वाटते ते असे की बहिणाबाईंचे बदलणे त्यांना उपदेशातून पटले नाही. स्वतः असहाय होऊन बायकोच्या हातचे पाणी पिताना, जिला आपण मारले ती अजून आपलीच आहे, हे त्यांना दिसले असावे, असा माझा तर्क आहे.

पुढे दोघे देहूला गेले. तिथे तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजी गोसाव्याला त्यांनी आपले गुरू तुकोबा असल्याचे सांगितले, तेव्हा त्याने त्यांचा छळ मांडला, त्यांच्या गाईलाही मारले. या वेळी त्रास बाहेरून आला होता, आणि तो दोघांवर मिळून आला होता.