शियों किल्ल्यातला कबुलीजबाब

पाण्यात उभा असल्यासारखा दिसतोय ना, तो शियोंचा किल्ला. स्वित्झर्लंड, जिनिव्हा लेक. आपल्याकडचे टूरवाले इथे बस थांबवतात, लोक बाहेरून फोटो काढतात आणि चॉकलेट घ्यायला पळतात. आपण मात्र खाली तळघरात जाऊया.

कातळातून वर गेलेले खांब, कमानी, आणि त्या भिंतीपलीकडे थेट तळं. सप्टेंबर १३४८ मध्ये इथला सत्ताधीश, सव्हॉयचा काउंट, त्याच्या माणसांनी आसपासचे ज्यू धरून इथे आणले. प्लेग दक्षिणेकडून वर सरकत होता आणि अफवा त्याच्याही पुढे, की ज्यूंनी विहिरींत विष टाकलंय. आता नुसत्या अफवेवर माणसं जाळता येत नाहीत, कायदा आहे शेवटी, कबुली पाहिजे. आणि कबुलीसाठी हालहाल करायला तोच कायदा परवानगी देत होता!

बालाविन्यी नावाचा सर्जन होता, पलीकडच्या काठावरच्या तोनों गावचा. त्याला ताणायच्या यंत्रावर चढवलं, उतरवलं, बऱ्याच वेळाने तो बोलायला लागला, की स्पेनमधल्या तोलेदोच्या एका ज्यूने पोराच्या हातून विषाची पावडर पाठवली, पातळ चामड्याच्या पिशवीत शिवलेली, सोबत चिठ्ठी. मग त्याला होडीत घालून क्लारांला नेलं, हाच तो किनारा, म्हणाले झरा दाखव. त्याने दाखवला, आणि झऱ्यात सापडली एक चिंधी. अरे गावाच्या पाणवठ्यावर चिंधी नाही तर काय सापडणार? पण झाला पुरावा, चढला कागदावर.

स्ट्रासबुर्गच्या, म्हणजे आज फ्रान्समध्ये असलेल्या शहराच्या, कौन्सिलने पत्र टाकून चौकशी केली होती म्हणून किल्लेदाराने या जबाबांच्या नकला तिकडे धाडल्या. त्याच सप्टेंबरात पोप क्लेमेंट सहावा फर्मान काढून सांगत होता की प्लेगने ज्यूही मरतायत, जिथे ज्यू राहतच नाहीत तिथेही प्लेग आहे, मग विष कसलं? स्ट्रासबुर्गचा कारभारी पेटर श्वार्बर, तोही ज्यूंना हात लावू देईना. पण गावातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर ज्यूंचं कर्ज होतं, हे विसरून चालणार नाही. फेब्रुवारी १३४९ मध्ये कारागिरांच्या संघांनी श्वार्बरला खाली खेचलं आणि नवीन कौन्सिल बसवलं.

ही स्ट्रासबुर्गची र्यू दे ज्वीफ, ज्यूंची गल्ली. शनिवार, १४ फेब्रुवारी. इथून त्यांना त्यांच्याच कब्रस्तानात नेलं, तिथे जाळायला लाकडी मचाण तयार होतं. बाप्तिस्मा घेतला तो वाचला.

कर्जाचे कागद आणि गहाण वस्तू ज्याच्या त्याला परत, रोकड संघांत वाटून टाकली. तिथलाच इतिवृत्तकार क्लोजनर लिहून गेलाय की ज्यूंना मारणारं विष म्हणजे पैसा. प्लेग यायचा तो उन्हाळ्यात आलाच. काही वर्षांनी थोडे ज्यू परत घेतले, मग पुन्हा हाकलले, आणि पुढे फ्रेंच क्रांतीपर्यंत नियम असा की या कॅथेड्रलवरून रात्री शिंग वाजलं की धंद्यासाठी आलेल्या ज्यूने वेशीबाहेर पडायचं.