शाळेच्या फाटकाशी बसलेली कॉली

नमस्कार श्रोतेहो.

कॉली जातीचा कुत्रा म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातली लॅसी येते. लांब निमुळतं तोंड, मानेभोवती पांढऱ्या केसांची झालर, तपकिरी-सोनेरी अंग. पडद्यावरची लॅसी देखणी होती यात शंका नाही. पण माझा जीव जडलाय तो पुस्तकातल्या लॅसीवर, आणि तिच्या आधी कादंबऱ्यांत येऊन गेलेल्या तिच्या भाऊबंदांवर. ही सगळी ब्रिटनच्या मेंढपाळांची कुत्री. आज त्यांच्याविषयी बोलणार आहे.

सुरुवात मात्र माझ्या गावापासून करतो. माझं लहानपण माणदेशात गेलं. सुगी उरकली की रानात धनगर उतरायचे. शेताला खत मिळावं म्हणून शेतकरी रानात मेंढ्या बसवायचा. दिवस मावळताना वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावायची, मेंढ्या आत घ्यायच्या, आणि मग कुत्री उठायची. दिवसभर ती कुणाच्या अध्यातमध्यात नसत. रात्री मात्र एकेक कोपरा धरून बसत आणि लांडग्याची नुसती चाहूल लागली तरी आख्खं रान जागं करत. मेंढ्या वळवणं हे त्यांचं काम नव्हतं. ते काम पोरांचं, काठीचं आणि टाळूला जीभ लावून काढलेल्या त्या आवाजाचं. आमच्याकडे धनगराचा कुत्रा म्हणजे राखणदार.

त्यामुळे पुढे इंग्रजी कादंबऱ्यांत मेंढपाळाचा कुत्रा भेटला तेव्हा मी चकितच झालो. हा कुत्रा मेंढ्या गोळा करतो, हाकतो, कळपातून हवी तेवढीच बाजूला काढतो, आणि तेही मालक अर्ध्या मैलावर उभा असताना, नुसत्या शिट्टीवर! कारण शोधलं तर साधं होतं. ब्रिटनमधले लांडगे काही शतकांपूर्वीच नामशेष झाले. मेंढ्या उघड्या डोंगरावर मोकळ्या सोडता येऊ लागल्या. रात्री राखण करणाऱ्याची गरज संपली आणि डोंगरभर पांगलेला कळप खाली आणणाऱ्याची गरज उरली. त्या गरजेतून कॉली घडला. आज ज्याला बॉर्डर कॉली म्हणतात, त्या जातीची वंशावळ ओल्ड हेम्प नावाच्या एका कुत्र्यापाशी जाते. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवर, नॉर्थम्बरलंडमध्ये, 1893 साली तो जन्मला. पण साहित्यात ही कुत्री त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

जेम्स हॉगचंच बघा. हा स्कॉटलंडच्या एट्रिक खोऱ्यातला मेंढपाळ, पुढे कवी आणि कादंबरीकार झाला. त्याचा सिरा नावाचा कुत्रा कादंबरीतला नाही, खराखुरा. गुरं हाकणाऱ्या एका माणसानं दोरीला बांधून ओढत चालवलेला, उपाशी, रोडावलेला. हॉगला त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं आणि त्यानं एक गिनी मोजून तो घेतला. तोवर सिरानं आयुष्यात एकही मेंढी वळवलेली नव्हती. पुढे एकदा काय झालं, आईपासून नुकतीच तोडलेली सुमारे 700 कोकरं हॉगच्या ताब्यात होती. मध्यरात्री ती उधळली आणि तीन दिशांना डोंगरात पांगली. काळोख इतका, की कुत्राही दिसेना. हॉग आणि त्याचा सोबती रात्रभर हिंडले. पहाटे हात हलवत मालकाला सांगायला निघाले, की सगळी गेली. वाटेत एका घळीच्या तोंडाशी सिरा उभा. मागं कोकरं. त्यांना वाटलं, एक तुकडी तरी राखली बिचाऱ्यानं. जवळ जाऊन बघतात तर आख्खा कळप! एकही कमी नाही. काळोखात, एकट्यानं, तीन दिशांची कोकरं त्यानं एकत्र कशी केली, हे हॉगला कधीच उमगलं नाही. त्यानं ते तसंच लिहून ठेवलं.

हॉगची ही हकिकत मला महत्त्वाची वाटते, कारण तिथं कुत्र्याचं कौतुक त्याच्या कामातून होतं. आणि माझं आजचं म्हणणंही तेच आहे. मेंढपाळाच्या कुत्र्याचं पात्र ज्या लेखकानं त्याच्या कामासकट, मालकाच्या पोटापाण्यासकट रंगवलं, त्याच्याच हातून ते जिवंत उतरलं.

टॉमस हार्डीला हे फार नेमकं कळलं होतं. 1874 साली आलेल्या त्याच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' या कादंबरीचा नायक गेब्रिएल ओक. कालपरवापर्यंत मेंढपाळ म्हणून राबलेला, आता उधारीवर 200 मेंढ्या घेऊन स्वतःच्या पायावर उभा राहू बघणारा. त्याच्याकडे दोन कुत्रे. थोरल्याचं नाव जॉर्ज. हार्डी त्याचं वर्णन कसं करतो ऐका. काळं नाक, त्याभोवती गुलाबी कातडीची बारीक कड, आणि अंगावर पांढरे-राखी ठिपके. पण ऊनपावसानं त्या राखी रंगातला निळा उडून गेलाय आणि केस तांबूस दिसतायत. टर्नर या चित्रकाराच्या चित्रांत जुनेपणानं निळा रंग विटतो तसे, असं हार्डी म्हणतो. कुत्र्याच्या केसांकडे इतकं निरखून बघणारा माणूस त्याच्या शेजारी बसलेलाच असला पाहिजे.

आणि याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. जॉर्ज आधी एका तोंडाळ, मारकुट्या मेंढपाळाकडे होता. त्यामुळे शिवीची प्रत त्याला बरोबर कळते. 'मागं ये' म्हटलं तर मेंढ्यांच्या शेपटापासून किती वेगानं मागं सरायचं, आणि शिवी हासडून 'मागं ये' म्हटलं तर किती, म्हणजे काठी पाठीत बसणार नाही, याचा हिशोब त्याच्या अंगात मुरलाय. एका वाक्यात हार्डी त्या कुत्र्याचं सगळं मागचं आयुष्य सांगून जातो. मार खाऊन शहाणा झालेला नोकरच तो.

धाकटा हा जॉर्जचा मुलगा. त्याला अजून धड नावसुद्धा ठेवलेलं नाही. कामाची हौस दांडगी. काम पुरेसं करणं आणि गरजेपेक्षा जास्त करणं, यातला फरक मात्र त्याला कळत नाही. मेंढ्यांच्या मागं धावायचं, एवढं त्याला कळलंय. कुठं थांबायचं, ते कुणी शिकवलेलं नाही. एका रात्री ओकला मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटांनी जाग येते. चरताना घंटा वेगळी वाजते, पळताना वेगळी, आणि त्या नादावरूनच तो ओळखतो की कळप धावतोय. तो टेकडीवर पोचतो तर मेंढ्या कुठंच नाहीत. फक्त धाकटा कुत्रा खडूच्या खाणीच्या कड्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर निश्चल उभा आहे. खाली 200 मेंढ्या मरून पडल्यात. सगळ्या गाभण.

इथं ओक कसा वागतो, ते पाहण्यासारखं आहे. त्याच्या मनात पहिली दाटून येते ती त्या मुक्या मेंढ्यांची आणि त्यांच्या पोटातल्या कोकरांची कणव. विमा उतरवलेला नव्हता, आयुष्याची कमाई गेली, हे नंतर आठवतं. मेंढ्यांत आयुष्य गेलेल्या माणसाचं मन असंच चालतं, मी ते आमच्याकडे पाहिलंय. बांधावरून पडून पाय मोडलेली एक मेंढी मांडीवर घेऊन बसलेला म्हातारा धनगर मला आठवतो. किती रुपयांचं नुकसान झालं असं माझ्या वडिलांनी विचारलं, तेव्हा त्यानं उत्तरच दिलं नाही. मेंढीच्या कपाळावरून अंगठा फिरवत राहिला.

त्याच दिवशी दुपारी बाराला त्या धाकट्याला गोळी घातली जाते. हार्डी त्यावर फार बोलत नाही. पण त्या कुत्र्यानं जे केलं ते त्याच्या समजुतीप्रमाणे कामच होतं, आणि म्हणून तो बारा वाजताचा प्रसंग आजही मला सहन होत नाही.

आल्फ्रेड ऑलिव्हंटची 'औड बॉब' ही 1898 सालची कादंबरी. ऑलिव्हंट लष्करातला तरुण अधिकारी. घोड्यावरून पडून जायबंदी झाला, लष्कर सुटलं, आणि मग तो लिहू लागला. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात बॉब हा राखी, शांत, खानदानी मेंढपाळी कुत्रा, आणि त्याच्या विरोधात मॅकॅडम नावाच्या एका कडवट, एकाकी माणसाचा रेड वुल हा दांडगा कुत्रा. दोघांत मेंढपाळी कुत्र्यांच्या स्पर्धेतल्या मानाच्या चषकावरून वैर. त्यातच डोंगरात कुणीतरी मेंढ्या मारू लागतं. मेंढ्या मारणारा कुत्रा म्हणजे त्या मुलखातलं सगळ्यांत मोठं पाप, त्याला शिक्षा एकच. बॉब गुणी आहेच, पण मला कादंबरीत घट्ट धरून ठेवतो तो मॅकॅडम. स्वतःच्या मुलाशी त्याला दोन शब्द गोड बोलता येत नाहीत, आणि सगळी माया तो त्या एका कुत्र्यावर ओततो. त्याचा शेवट वाचताना कुणाचा कुत्रा जिंकला, हे मी विसरून गेलो होतो.

अमेरिकेत आल्बर्ट पेसन टरह्यूननं आपल्या लॅड नावाच्या कॉलीवर लिहिलेलं पुस्तक 1919 साली आलं आणि अफाट खपलं. त्यातलं प्रेम खरं आहे. पण लॅड राहतो तळ्याकाठच्या मोठ्या बंगल्यात. त्याच्या अंगावर कुणाच्या चुलीची जबाबदारी नाही, म्हणून मी तिथं फार रेंगाळत नाही.

आता लॅसीकडे येतो. एरिक नाइट हा यॉर्कशरचा. पोरवयात गिरणीत राबलेला, मग अमेरिकेत गेलेला. 1938 साली त्यानं एक लघुकथा लिहिली आणि 1940 साली तिची कादंबरी केली, 'लॅसी कम-होम'. सिनेमा 1943 साली आला, तोवर नाइट हयात नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत, अमेरिकेच्या लष्करात असताना, विमान अपघातात तो गेला. सिनेमात लॅसीचं काम पॅल नावाच्या कुत्र्यानं केलं, म्हणजे कुत्रीचं काम कुत्र्यानं. पण ते राहू दे.

ही कादंबरी लहान मुलांची म्हणून कपाटात ठेवली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिची सुरुवात खाण बंद पडण्यापासून होते. सॅम कॅरक्लो हा खाणकामगार बेकार झालाय. गावात अनेक घरांतली कुत्री एकेक करून विकली गेलीत, कारण खायला घालायचं काय? लॅसी तेवढी राहिली होती. गावात सगळ्यांना ठाऊक, की शाळा सुटायच्या वेळेला ती रस्त्यानं निघणार आणि फाटकाशी बसून सॅमच्या मुलाची, ज्योची वाट बघणार. तिच्यावर घड्याळ लावून घ्यावं. एके दिवशी ज्यो बाहेर येतो आणि फाटकाशी कुणी नसतं.

त्यानंतर घरात जे घडतं ते नाइटनं पोरवयात पाहिलेलं असणार. आई उगाचच तडकून बोलते. बाप शेकोटीपाशी बसून नजर वर करत नाही. लॅसी रडलिंगच्या ड्यूकला विकली गेलीय, पैसे खर्चही झालेत. ती पळून परत येते, आणि बाप तिला परत पोचवायला निघतो. पुन्हा येते, पुन्हा पोचवतो. विकलं ते विकलं. गरीब माणसाकडे प्रामाणिकपणाच उरलाय, आणि नेमका तोच त्या मुलाच्या जिवावर उठलाय. शेवटी ड्यूक तिला स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला नेतो. तिथून ती सुटते. नकाशावर सरळ रेघ मारली तर 400 मैल, पण कुत्र्यानं तळी, नद्या, गावं चुकवत चालायचं तर त्याच्या दुपटीहून जास्त. ती दक्षिणेकडे चालत राहते. वाटेत ज्या घरी तिला ऊब मिळते, तिथंही ठरावीक वेळ झाली की ती उठून दाराशी जाते.

ती पोचते तेव्हा उभंही राहवत नाही. फाटकाशी पडून राहते. ज्यो तिला घरी नेतो, आणि तो इतके दिवसांचा ताठ बाप आता खोटं बोलायला तयार होतो. ड्यूक तपासायला येणार हे कळल्यावर तो तिचं रूप बदलतो, दुसरीच कुत्री वाटावी असं.

ड्यूक येतो. बहिरा, तापट म्हातारा, पण आयुष्य कुत्र्यांत गेलेलं. तो खाली वाकतो. रंग, कान, केस फसवतील, पंजा फसवत नाही. तो तिचा पाय हातात घेतो. तळवे फाटून, भरून, पुन्हा फाटलेले असतात. किती लांबून आलीय, ते त्या पायावर लिहिलेलं असतं, आणि ते वाचणं त्या म्हाताऱ्याला अवघड जात नाही. तो बराच वेळ तो पाय धरून असतो. मग सरळ होतो आणि सांगतो, ही कुत्री माझी नाही, कधीच नव्हती. आणि सॅमला आपल्या कुत्र्यांकडे बघायची नोकरी देतो.

नमस्कार.