५० मिलिग्रॅमचा हिशेब

[दृश्य: द्रव नायट्रोजनची वाफ]
बाहेर बडोद्याचा जुलै. दांडिया बाजारात दोन दिवस कपडे वाळत नाहीत. इथे आत उणे १९६ अंश. चिमट्यात आलेला हा तुकडा मुगाच्या दाण्याएवढा. माणसाच्या जठरातल्या गाठीच्या पेशी उंदराच्या कुशीवर, कातडीखाली वाढवल्या, उंदराला इमॅटिनिब हे कर्करोगाचं औषध दिलं. रक्तातलं औषध मोजणं सोपं. गाठीत किती उतरलं, ते या तुकड्यातून काढायचंय.

[दृश्य: वजनकाटा, जवळून]
तुकड्यावरची ही पांढरी साय म्हणजे हवेतली वाफ, गोठलेली. ५० मिलिग्रॅममध्ये असं ५ मिलिग्रॅम पाणी आलं की निकाल १० टक्क्यांनी खाली येतो, आणि पुढचं लाखोंचं यंत्र याबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून कुपी आधीच गार करून, तोलून ठेवलेली. तुकडा आत, झाकण बंद, मग काटा.
मागून प्रश्न येतो, "काका, कुपी बाहेरून पुसलीत ना?"
पुसली.
गाठ काढतानाही ती गार सलाइनमध्ये क्षणभरच बुडवून टिपकागदावर टिपलेली असते. रक्त राहिलं, तर रक्तातलं औषध गाठीच्या नावावर चढतं.

[दृश्य: कुपीत नाचणारे मणी]
२०० मायक्रोलिटर पाणी, सिरॅमिकचे मणी. ३० सेकंद घुसळण, मिनिटभर बर्फ; सलग चालवलं तर कुपी तापते. चिवट गाठीचे धागे उरतात ते बघा. त्यांत औषध अडकून बसतं. नंतर मापून घातलेलं जुळं इमॅटिनिब, आठ हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन असलेलं, त्या धाग्यांत शिरलेलंच नसतं. ही तूट ते भरून देत नाही. पुन्हा घुसळा.
मग तिप्पट अ‍ॅसिटोनायट्राइल हे द्रावक. दूध नासावं तशी प्रथिनं फाटतात. सेंट्रिफ्यूज, वरचा नितळ द्रव मास स्पेक्ट्रोमीटरकडे, रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या त्या लाखोंच्या यंत्राकडे.

[दृश्य: पडद्यावरची दोन शिखरं]
यंत्रातली पहिली चाळणी औषधाचा ४९४ वस्तुमानाचा आयन, म्हणजे भारित रेणू सोडते, वायूवर आपटून तो फुटतो, शेवटची ३९४ चा तुकडा टिपते. जुळं येतं ५०२ वर, तुकडा तोच ३९४. सोबत आलेले फॉस्फोलिपिड, म्हणजे पेशींच्या आवरणातले मेद, दोघांचाही आवाज सारखाच दाबतात, म्हणून मोजायचं ते दोघांचं गुणोत्तर. प्रमाणरेषाही औषध न दिलेल्या गाठीतच काढलेली.
५० मिलिग्रॅम गाठ आणि २०० मायक्रोलिटर पाणी, म्हणजे गाठ पाचपट पातळ झालेली. म्हणून या घुसळलेल्या मिश्रणातला मिलिलिटरमागचा नॅनोग्रॅमचा आकडा गुणिले पाच: ग्रॅममागे इतके नॅनोग्रॅम. पुढे डोसचा विचार यावरून होतो.

[दृश्य: नोंदवही]
गाठीच्या मेलेल्या गाभ्याचा आकडा वेगळा, जिवंत कडेचा वेगळा. वजनाशेजारी लिहिलंय: 'कड'.