कंपनी विकताना सहीचं कोण बघतं?

मंडळी, कंपनी विकायची ठरली की आपण आधी भाव विचारतो, मग चाचरत विचारतो, 'आमची माणसं टिकतील ना?' समोरून ठरलेलं उत्तर येतं: 'काळजी करू नका, दोघांची संस्कृती अगदी जुळते.' हे ऐकलं की मी सावध होतो. कारण त्या क्षणी दोघांनाही सौदा हवा असतो, आणि लग्न ठरवायच्या बैठकीत मुलाच्या रागीटपणाचा विषय कुणी काढत नाही.

माइंडट्रीचं प्रकरण तुम्ही पेपरात वाचलं असेल. १९९९ मध्ये बंगळूरूत दहा जणांनी काढलेली आयटी कंपनी. तिचं पहिलं बोधचिन्ह सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांकडून करून घेतलेलं. संस्थापकांपैकी सुब्रतो बागची तर स्वतःला कंपनीचा माळी म्हणवून घेत. पण संस्थापकांच्या हातात शेअर किती, तर मिळून तेरा टक्क्यांच्या आसपास. सगळ्यात मोठा वाटा, वीस टक्क्यांहून थोडा जास्त, कॅफे कॉफी डेच्या व्ही. जी. सिद्धार्थ यांचा. कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या सिद्धार्थ यांनी मार्च २०१९ मध्ये तो शेअरमागे ९८० रुपये भावाने लार्सन अँड टुब्रोला विकायचा करार केला. बागची तेव्हा ओडिशा सरकारचं कौशल्य विकासाचं काम बघत होते. ते सोडून धावत आले. झाड तोडून तिथे मॉल बांधायला लोक बुलडोझर घेऊन आलेत, असं त्यांनी जाहीर लिहिलं. काही उपयोग झाला नाही. तीनेक महिन्यांत साठ टक्के शेअर एल अँड टीकडे गेले आणि जुलैमध्ये वरच्या पदांवरचे तीन संस्थापक बाहेर पडले.

यातली गंमत बघा. हीच एल अँड टी दोनदा दुसऱ्यांच्या घशात जाता जाता वाचली आहे, आधी अंबानींच्या आणि मग बिर्लांच्या. एल अँड टीचा सिमेंटचा धंदा वेगळा काढताना बिर्लांच्या ग्रासिम कंपनीकडचे एल अँड टीचे शेअर कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टने घेतले, आणि त्या लढाईचे सेनापती होते एल अँड टीचे तेव्हाचे प्रमुख ए. एम. नाईक. बाहेरचा येऊन बसला की पोटात काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणूनच असेल कदाचित, पण त्यांनी घाई केली नाही. नवा प्रमुख आणला तो ना माइंडट्रीचा, ना एल अँड टीचा, कॉग्निझंट या तिसऱ्याच आयटी कंपनीतून आलेला. नाव, कारभार वेगळाच ठेवला. एल अँड टीच्या दुसऱ्या आयटी कंपनीशी विलीनीकरण झालं ते थेट नोव्हेंबर २०२२ मध्ये. मधल्या काळात वार्षिक उत्पन्न सात हजार कोटींवरून साडेदहा हजार कोटींवर गेलं. म्हणजे बुलडोझर काही फिरला नाही. संस्थापक 'आमची संस्कृती' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा 'आम्ही' एवढंच म्हणायचं असतं, असं माझं मत आहे. राग येईल काहींना, येऊ दे.

मग खरं काय मोडतं? भोसरीतलं एक युनिट सांगतो, नाव नको. कंट्रोल पॅनेल बनवणारी साठेक माणसं. ते युनिट एका मोठ्या कंपनीने घेतलं. पूर्वी गिऱ्हाइकाकडे रात्री पॅनेलमधला काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) जळला की फिटर स्टोअरमध्ये चिठ्ठी टाकायचा, माल डिकीत घालायचा आणि निघायचा. आता आधी तिकीट, म्हणजे संगणकावर तक्रारीची नोंद, मग व्हेंडर कोड, मग पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, आणि मंजुरी देणारे साहेब हेड ऑफिसला. ते रजेवर असले की लाइन बंद. गिऱ्हाईक सवयीने जुन्या मालकाच्या मोबाइलवर फोन करायचं, आणि मालक म्हणायचे, 'तिकीट रेज करा ना.' स्वतःच्या कंपनीत! वर्षभरात चांगले फिटर गेले. फॉर्मवर कारण सगळ्यांचं एकच: पगार.

मोठ्या कंपनीचंही चुकत नाही हं. तिला ऑडिट आहे, चिठ्ठीवर माल सोडला तर उद्या तिलाच उत्तर द्यायचंय. म्हणून तर हे आधी बोलायला हवं. २००६ मध्ये डिस्नेने ७.४ अब्ज डॉलरच्या सौद्यात अ‍ॅनिमेशनपट बनवणारी पिक्सार घेतली, तेव्हा पिक्सारवाल्यांनी काय बदलायचं नाही याची लांबलचक यादी लिहून घेतली होती. ईमेलचा पत्ता आणि इमारतीवरची पाटीसुद्धा पिक्सारचीच राहील, हे कबूल करून घेतलं. माइंडट्रीला ही संधीच नव्हती, तिथे संस्थापकांना विचारून सौदा झालाच नाही. तुम्हाला ती असणार आहे.

तेव्हा यादी करा. पाच हजारांपर्यंतचा माल कुणाच्या सहीने सुटेल? गणपतीची रजा सुपरवायझर देईल की पोर्टल? दिवाळीची उचल चालू राहणार का? रात्री गिऱ्हाइकाचा फोन कुणी उचलायचा, आणि उचलणाऱ्याला 'हो' म्हणायचा अधिकार आहे का? वकील म्हणेल, असलं काही करारात नसतं. त्याला सांगा, परिशिष्टात घाल. आणि हे सगळं सही करण्याआधी. चेक वटल्यावर तुमचा फोन कुणी घेत नाही.