नेवाळीहून एटीआर का उडत नाही? एकदाच सांगते!

नमस्कार मंडळी! नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून कमेंटमध्ये एकच धोशा चाललाय. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे, तिकडे जुहूचं जुनं विमानतळ आहे, मग तिथून एटीआर, म्हणजे प्रॉपेलरवालं प्रवासी विमान, का सोडत नाहीत? "ताई, पंख्याचं विमान ते, त्याला कितीशी जागा लागणार!"

नेवाळीच्या जमिनीचा वाद मी काढत नाही. २०१७ चं आंदोलन ठाणे जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. आपण फक्त विमानाचं बोलू.

टर्बोप्रॉपला, म्हणजे अशा पंख्याच्या विमानाला, जेटपेक्षा कमी धावपट्टी पुरते, मान्य. प्रॉपेलरचा झोत पंखांवरून जातो, उतरल्यावर पात्यांचा कोन उलटा केला की वेग पटकन मरतो. हे तुम्हाला माहीत आहे, पुढे जाऊ.

घोळ होतो तो इथे. तुम्ही व्हिडिओत बघता, एटीआरची चाकं पटकन सुटली. लगेच कमेंट: "आठशे मीटर बास!" अहो, चाकं सुटली म्हणजे हिशेब संपला नाही! हिशेब असा करतात: विमान पूर्ण वेगात धावतंय आणि नेमकं तेव्हाच एक इंजिन बंद पडलं. आता एक तर उरलेल्या धावपट्टीत थांबता आलं पाहिजे, नाही तर एका इंजिनावर उडून धावपट्टी संपेपर्यंत ३५ फूट उंची गाठता आली पाहिजे. ज्या वेगाला हा निर्णय होतो तो व्ही-वन. ठाणे स्टेशनात सुटलेल्या लोकलमागे धावणाऱ्याला एका क्षणी ठरवावंच लागतं, उडी की माघार. (तुम्ही माघारच घ्या.)

म्हणून एटीआर ७२-६०० ला पूर्ण वजनाने उडायला साधारण १३०० मीटर लागतात, तेही समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात. आमच्या ऐरोलीत १५ अंश कधी असतात ते मला कळवा.

पटत नाही? मग जुहू बघा. धावपट्टी साडेअकराशे मीटरच्या आसपास. १९५३ मध्ये एक कॉमेट जेट सांताक्रूझचं विमानतळ समजून चुकून तिथे उतरलं. उतरलं बरं का! पण परत उडायला नऊएक दिवस गेले. उतरलं म्हणजे लगेच उडेल, असं नसतं.

अजूनही नाही? शिमला घ्या. दीड हजार मीटर उंचीवर, धावपट्टी जेमतेम बाराशे मीटरची. तिथे अलायन्स एअरने २०२२ मध्ये छोटी एटीआर ४२ सुरू केली. पण विरळ हवेत इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही कमी पडतात, म्हणून निघताना सगळ्या सीटा भरता येत नाहीत. "उडेल का" या प्रश्नाचं खरं उत्तर हे: उडेल, पण किती माणसं घेऊन? रिकाम्या सीटांचे पैसे कोण भरणार, ते मात्र कोणी विचारत नाही.

उतरण्यालाही नियम आहे. युरोपात टर्बोप्रॉपला धावपट्टीच्या ७० टक्क्यांत थांबता आलं पाहिजे. म्हणजे जुहूचे हातात उरले जेमतेम ८०० मीटर. धावपट्टी ओली असेल तर आणखी जास्त लांबी धरावी लागते, आणि आपल्याकडे चार महिने ओलीच असते.

एकाने लिहिलंय, "एटीआर आठशे मीटरवालं विमान आणतेय, तुम्हाला माहितीच नाही." माहीत आहे, दादा. ४२-६००एस नाव होतं त्याचं. कंपनीने ते २०२४ मध्ये गुंडाळलं.

८०० मीटरच्या पट्टीवर जायचंच असेल तर १९ सीटांच्या डॉर्नियर २२८ किंवा ट्विन ऑटरबद्दल बोला. नेपाळमधल्या लुकलाची धावपट्टी तर ५२७ मीटरची आहे, पण ती उतारावर बांधलीय आणि तिथे जाणारी विमानंही छोटीच असतात.

तेव्हा यापुढे कमेंटमध्ये नुसते मीटर लिहू नका. वजन, तापमान, उंची, धावपट्टी कोरडी की ओली, सगळं लिहा. तरच उत्तर देईन.