ताकदीच्या गोळ्या आणि उतारवय

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्यांबद्दल. त्यातही ज्यांना कोणी औषधात धरतच नाही, त्या गोळ्यांबद्दल. डॉक्टर विचारतात, "कोणकोणती औषधं चालू आहेत?" तेव्हा रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी सांगितली जाते. जीवनसत्त्वाची, कॅल्शियमची, लोहाची सांगायची राहून जाते. "ती काय, ताकदीची आहे!" माझं कळकळीचं सांगणं आहे की तीही औषधच आहे. ती का घ्यायची, किती घ्यायची आणि कधी थांबवायची, हे ठरलेलं हवं.

उतारवयात जिच्याकडे सर्वात आधी लक्ष द्यावं, ती कमतरता बी १२ची. अन्नातलं हे जीवनसत्त्व प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं आणि पुढे आतड्यात शोषलं जायला जठरातच तयार होणारं एक खास प्रथिन लागतं. वयाबरोबर अनेकांच्या जठरातलं आम्ल कमी होतं. मग नीट जेवूनही ते अंगी लागत नाही. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि रोजची अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर कमतरतेची शक्यता आणखी वाढते. जे दूध, अंडी, मांस, मासे यांपैकी काहीच खात नाहीत, त्यांना तर ते बाहेरूनच घ्यावं लागतं.

यकृतात बी १२चा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून ही कमतरता हळूहळू, नकळत येते. पायाला मुंग्या येतात. कापसावर चालल्यासारखं वाटतं. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, हात भिंतीकडे जातो. विसरभोळेपणा वाढतो. घरचे म्हणतात, "वय झालं आता." कृपा करून एवढ्यावर थांबू नका. साध्या रक्ततपासणीनं बहुतेक वेळा उलगडा होतो. उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी पूर्ण भरून येईलच असं नाही. गोळीतलं बी १२ सुटंच असतं, त्यामुळे आम्ल कमी असलं तरी ते शोषलं जातं. ते खास प्रथिनच बनत नसेल, तर डॉक्टर इंजेक्शन किंवा मोठी मात्रा देतात. फक्त फॉलिक अ‍ॅसिड घेऊन समाधान मानू नका. त्यानं रक्त सुधारलेलं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं.

आता ड जीवनसत्त्व. म्हातारपणी उन्हात बसूनही त्वचा ते पूर्वीइतकं बनवू शकत नाही, त्यामुळे कमतरता असेल तर गोळी जरूर घ्यावी. पण ज्यांना कमतरता नाही, त्यांची हाडं गोळीनं आणखी बळकट होतात असं नाही. अमेरिकेत २५,००० हून अधिक लोकांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. कमतरता आहे की नाही हे न पाहता सर्वसाधारण निरोगी प्रौढांना रोज २,००० युनिट ड देऊनही हाडं मोडण्याचं प्रमाण घटलं नाही. आणि धोका मात्रा चुकण्यात आहे. ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती कोणी समजुतीच्या घोटाळ्यात रोज घेऊ लागलं, तर रक्तात कॅल्शियम चढतं. उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, गोंधळलेपण सुरू होतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. पाकिटावर वार ठळक लिहून ठेवा. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमची गोळी आणि वेगळं ड, तिन्ही चालू असतील, तर तिन्हींवरचे आकडे वाचा. तिन्हींत ड असू शकतं.

कॅल्शियम एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, त्यापुढचं नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर घ्या. थायरॉइडची गोळी घेत असाल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी पुरती लागू पडत नाही. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू असेल, तर के किंवा ई जीवनसत्त्व असलेली गोळी विचारल्याशिवाय सुरूही करू नका आणि बंदही करू नका.

"जीवनसत्त्वच आहे, अपाय काय होणार?" असं मनात येत असेल तर फिनलंडमधला अभ्यास ऐका. तिथे धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना फुप्फुसाच्या कर्करोगापासून वाचवण्याच्या आशेनं बीटा कॅरोटीन, म्हणजे शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व बनतं तो घटक, दिलं गेलं. १९९४ मध्ये निष्कर्ष हाती आले, तेव्हा ते घेणाऱ्यांमध्येच हा कर्करोग जास्त आढळला.

शेवटी लोह. पाळी थांबलेल्या स्त्रिया आणि वयस्कर पुरुष यांच्यात लोह कमी झालं, तर शरीरातून रक्त कुठे जातंय का हे आधी शोधावं लागतं. जठरातला व्रण असू शकतो, मोठ्या आतड्यातली गाठ असू शकते. आपल्या मनानं लोह सुरू केलं की हिमोग्लोबिन चढतं, थकवा कमी होतो आणि मूळ आजार लपून राहतो. शिवाय लोहानं शौचाचा रंग काळसर होतो, त्यामुळे आतल्या रक्तस्रावाची खूणही लक्षात येत नाही. तेव्हा लोहाची गोळी लिहून मिळाली तर डॉक्टरांना नि:संकोच विचारा, "माझं लोह कमी का झालं, आणि त्यासाठी कोणती तपासणी करायची?"

नमस्कार.