दुसरी प्रत कुठं आहे?

नमस्कार श्रोतेहो.

१० मार्च २०२१ची गोष्ट. फ्रान्समधलं स्ट्रासबर्ग शहर, जर्मनीच्या सीमेला लागून असलेलं. मध्यरात्र उलटल्यावर तिथं ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या, म्हणजे लोकांच्या वेबसाइट आपल्या कंप्युटरांवर ठेवणाऱ्या कंपनीच्या, डेटा सेंटरला आग लागली. सर्व्हरनी, म्हणजे अशा कंप्युटरांनी, भरलेली पाच मजली इमारत जळून खाक झाली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. पण सुमारे ३६ लाख वेबसाइट त्या रात्रीत बंद पडल्या. कंपनीचे संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा यांनी तेव्हाच ग्राहकांना जाहीरपणे कळवलं, की तुमची आपत्कालीन योजना अमलात आणा. थोडक्यात, साइटची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, असेल तर ती बाहेर काढा.

ज्यांच्याकडे ती होती, त्यांनी दुसऱ्या सर्व्हरवर चढवली आणि ते पुन्हा कामाला लागले. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांचं काम कायमचं गेलं. आणखी एक तिसरा गट होता. मला सगळ्यात वाईट वाटतं ते त्यांचं, कारण त्यांनी बॅकअपसाठी वेगळे पैसे भरले होते. अशाच एका ग्राहक कंपनीनं दावा लावला तेव्हा उघड झालं, की बॅकअप ठेवला होता तो मूळ सर्व्हरच्याच इमारतीत. कपाटाची दुसरी किल्ली त्याच कपाटात ठेवावी, तसं. लीलच्या व्यापारी न्यायालयानं २०२३ मध्ये भरपाईचा आदेश दिला. जळालेला डेटा मात्र आदेशानं परत येत नाही.

हा विषय मी आज मुद्दाम घेतला. आपल्या भाषेत आज जे लिहिलं जातं, त्यातलं कितीतरी फक्त वेबसाइटवर आहे. छापील दिवाळी अंक एखाद्या गावच्या वाचनालयात सापडतो, नाहीतर रद्दीच्या दुकानात तरी. ऑनलाइन अंक सर्व्हरवरून गेला, की शोधायला कुठं जाणार? इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरची वेब पानं साठवते आहे, तिचे उपकार मोठे आहेत. पण तिच्याकडे आपलं प्रत्येक पान असेलच असं नाही, आणि असलं तरी त्यातून आख्खी साइट जशीच्या तशी उभी राहत नाही.

आता एक गैरसमज. पुष्कळ जण एफटीपीनं, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली उतरवून घ्यायच्या सोयीनं, साइटचं सगळं फोल्डर आपल्या कंप्युटरवर उतरवून घेतात आणि निश्चिंत होतात. साइट वर्डप्रेस या साइट चालवायच्या तयार प्रोग्रॅमवर असेल, आणि आपल्याकडच्या बऱ्याचशा छोट्या साइट वर्डप्रेसवरच असतात, तर त्या फोल्डरमध्ये फोटो असतात, थीम म्हणजे साइटची मांडणी असते, प्लगइन म्हणजे जोडलेले छोटे प्रोग्रॅम असतात. लेख नसतात! लेख, प्रतिक्रिया, लेखकांची नावं, तारखा हे सगळं डेटाबेसमध्ये असतं आणि डेटाबेस वेगळा उतरवावा लागतो. होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये, म्हणजे साइट सांभाळायच्या पानावर, पीएचपीमायअ‍ॅडमिन नावाची सोय असते, तिथं एक्स्पोर्ट केलं की डेटाबेसची प्रत एसक्यूएल फाइल म्हणून मिळते. वीस वर्षांचे अंक त्या एका फाइलीत मावतात, आणि नेमकी तीच घ्यायची राहते.

ही फाइल हातात आली की एक काम लगेच करा. नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये ती उघडा आणि तुमच्याच एखाद्या लेखातला शब्द शोधा. देवनागरी स्वच्छ वाचता आली तर ठीक. मराठी मजकुराच्या जागी युरोपीय लिप्यांतली चमत्कारिक अक्षरं दिसली, तर एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीची, गडबड आहे. जाणकार माणूस बहुतेक वेळा ती निस्तरू शकतो. पण ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर जागे व्हा. मजकूर कुठंतरी लॅटिन अक्षरसंचातून गेला आहे. त्या संचात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या बदली एक प्रश्नचिन्ह बसलं आहे. त्या फाइलीतून मूळ अक्षर परत काढता येत नाही. इंग्रजी साइटवाल्यांना ही भीती फारशी नसते, आपल्याला आहे. मूळ साइट जिवंत असेतोवर हे लक्षात आलं तर फक्त एक्स्पोर्टची सेटिंग तपासून पुन्हा फाइल घ्यायची असते.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक अक्षरपद्धत, रुळण्याआधीच्या जुन्या साइट ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी आणखी एक करावं. श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टमध्ये केलेल्या पानांसोबत त्या फॉन्टची फाइलही जपून ठेवावी. फॉन्ट नसेल तर पान उघडेल, वाचता येणार नाही.

फाइल उघडून पाहा असं मी इतकं आग्रहानं का म्हणतो आहे? गिटलॅब ही प्रोग्रॅमरांचं काम सांभाळणारी कंपनी. तिथली माणसं या क्षेत्रातली तज्ज्ञ. ३१ जानेवारी २०१७ला तिथल्या एका इंजिनीअरनं रात्री उशिरा दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. चूक ध्यानात येऊन त्यानं हात आवरला, तोवर ३०० जीबीतले जेमतेम साडेचार उरले होते. मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. रोजचा बॅकअप आपोआप होत असल्याची सगळ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तो घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता, डेटाबेस नव्या आवृत्तीचा. रोज काम फसत होतं आणि साठवणीची जागा रिकामी होती. फसल्याची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. एका इंजिनीअरनं वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हातानं एक प्रत घेतली होती, म्हणून कंपनी वाचली. तरी मधल्या सहा तासांतलं लोकांचं काम गेलंच. कंपनीनं हे सगळं न लपवता जगाला सांगितलं, याचं मला फार कौतुक वाटतं. त्यामुळेच आपल्याला आज शिकता येतं आहे.

तेव्हा वर्षातून एकदोनदा तरी घेतलेला बॅकअप दुसऱ्या जागी चढवून पाहा. घरच्या कंप्युटरवर वर्डप्रेस बसवता येतं, त्यावर साइट उभी करा, जुने लेख उघडा, फोटो दिसतात का बघा. जमत नसेल तर कॉलेजात कंप्युटर शिकणाऱ्या कुणाला तरी सोबत बसवा. एक दुपार जाईल.

प्रती किती ठेवाव्यात, तर मूळ साइट धरून तीन. एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक गुगल ड्राइव्हसारख्या बाहेरच्या ठिकाणी. हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवा. कायम जोडलेली राहिली आणि कंप्युटरमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, शिरलं, तर ते डिस्कही कुलूपबंद करतं. नवी प्रत आली म्हणून जुनी लगेच पुसू नका. साइट हॅक झाल्याचं कधीकधी महिनाभरानं कळतं, तोवरच्या सगळ्या नव्या प्रतींत तीच घाण उतरलेली असते.

आणि संस्था चालवणाऱ्यांना एक विनंती. मंडळाची, वाचनालयाची, शाळेची साइट बहुधा कुणीतरी हौशी तरुण करून देतो. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्या नावावर, होस्टिंगचं बिल त्याच्या ईमेलवर. पुढं तो नोकरीसाठी बंगळुरूला जातो, तो ईमेल उघडणं बंद होतं, मुदत संपते. होस्टिंग कंपनी काही दिवस वाट पाहते आणि खातं पुसून टाकते. आग नाही, हॅकर नाही, तरी सगळं गेलं. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्या. डोमेन संस्थेच्या नावावर करून घ्या, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे असू द्या, नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात लिहा. आणि शेवटचा बॅकअप कुणी, कधी घेतला, हे त्याच बैठकीत विचारा.

नमस्कार.